कडेवरचे मूल

नाईलच्या काठी लव्हाळ्यांत ठेवलेल्या पेटीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोशेवर प्रवचन करताना आम्हा धर्मगुरूंची दृष्टी बहुधा त्या पेटीवर आणि फारोच्या कन्येवर खिळते. दूर उभी राहून पेटीची राखण करणाऱ्या मुलीकडे क्वचितच जाते. आई घरी आहे, बापाचा पत्ता नाही, आणि तान्ह्या भावाचा जीव एका लहान बहिणीच्या नजरेवर सोपवलेला आहे. तीच मुलगी पुढे धिटाईने राजकन्येला विचारते, दाई आणू का? राजकन्या मुलाच्या सख्ख्या आईलाच मजुरी ठरवून दाई नेमते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याचे मोल द्यावे लागते, ही गोष्ट निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायाने अशी व्यवहाराच्या भाषेत नोंदवून ठेवली आहे. मजुरी आईला मिळाली. बहिणीला काय मिळाले, ते शास्त्र सांगत नाही.

ती बहीण मला नगर जिल्ह्यात जागोजागी भेटली आहे. जिल्ह्याचे अधिकृत नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या सवयीने मी येथे नगरच म्हणतो. सात-आठ वर्षांची मुलगी, शरीराचा तोल एका बाजूस झुकलेला, कडेवर वर्षाचे मूल. नवदीक्षित धर्मगुरू म्हणून उसाच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात सहायक होतो, तेव्हा रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला अशीच एक मुलगी येत असे. कडेवरचा भाऊ रडू लागला की वर्गाचे लक्ष विचलित होई. दोन-तीन रविवार मी सोसले आणि एकदा तिला म्हणालो, ‘बाळाला शांत करून मग आत ये.’ ती बाहेर गेली आणि त्या वर्षी पुन्हा आत आली नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांच्या यादीतून तिचे नाव गळाले, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा तिचे कुटुंब कामाच्या शोधात दुसरीकडे गेले होते. आपल्या जिल्ह्यातील शिक्षणाचा इतिहास वाचताना त्या दिवसापासून मी एक प्रश्न बरोबर घेऊन वाचतो : मुलगी शाळेत बसली, तेव्हा तिच्या कडेवरचे मूल कोणाकडे होते?

या प्रश्नाने पाहिले की परिचित इतिहासही थोडा निराळा दिसू लागतो. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत मुलींच्या शिक्षणातच राहिल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. या घटनेचा आपल्या जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. पण शाळेचे दार उघडले म्हणून मुलगी आत येते असे नाही. घरची बाई रोजाने शेतावर जाते, सासू असली तर तीही जाते; मग धाकट्याला धरणारे हात उरतात ते थोरलीचे. शाळेची फी माफ करता येते, पाटी-पुस्तक फुकट देता येते. या हातांची किंमत मात्र कोणत्याही फीमध्ये धरलेली नसते. आमचे जेझुइट पूर्वसूरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात राहुरी, संगमनेर भागात आले आणि त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या. त्यांनाही ही अडचण पुरती सुटली असे मला वाटत नाही. सुटली असती तर इतक्या वर्षांनंतर ती मुलगी माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली नसती.

नगरच्या त्या काळातील एका घराचा उल्लेख मात्र केल्यावाचून राहवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घर परक्यांच्या मुलांना मोकळे होते. बालकवी ठोंबरे यांनाही त्याच घराने माया लावली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. मूल वाढवताना आईची होणारी तारांबळ आणि तिच्या चुका इतक्या मोकळेपणाने मराठीत त्यापूर्वी फारशा कोणी लिहिल्या नव्हत्या. आजच्या तरुण मातांनी एकमेकींना सांगाव्यात अशा कितीतरी गोष्टी तेथे आधीच सांगून ठेवल्या आहेत.

मूल सांभाळण्यासाठी स्वतंत्र जागा असावी, ही कल्पना युरोपात कारखान्यांबरोबर आली. पॅरिसमध्ये १८४४ साली फिर्मँ मार्बो या गृहस्थांनी मजूर मातांच्या तान्ह्या मुलांसाठी एक घर उघडले आणि त्याला नाव दिले ‘क्रेश’. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ गव्हाण. प्रत्येक नाताळात आपण जी गव्हाण सजवतो तीच. कारखान्यांच्या कायद्यात आणि सरकारी परिपत्रकांत ‘क्रेश’ हा शब्द वाचणाऱ्या किती जणांना बेथलेहेमची आठवण होत असेल, कोण जाणे! पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केले, त्यामागचे कारणही बोधप्रद आहे. आईबाप कामावर गेल्यावर एकटी राहिलेली मुले जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करीत. त्या दुरुस्तीला लागणाऱ्या पैशांत बालगृह चालेल, असा हिशेब इमारतींच्या मालकांनी केला होता. जगाला नवी शिक्षणपद्धती मिळाली ती भिंतींच्या रंगरंगोटीच्या खर्चातून. मला या हिशेबात काही हीन वाटत नाही. निदान कोणीतरी हिशेब केला.

माँटेसरींचा विचार महाराष्ट्राच्या मातीत रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ साली मुंबईचे शहरी वातावरण सोडून त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. वसईच्या आपल्या बांधवांना तो किनारा परका नाही. तेथे त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या अनुताई वाघ, ज्यांना बालवयातच वैधव्य आले होते. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या अंगणांतून आला. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे विकासवाडीची कल्पना आकारास आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवावी, म्हणजे मोठी मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवील आणि स्वतः वर्गात बसेल. किती साधी योजना! मी ज्या मुलीला दाराबाहेर पाठवले, तिच्यासाठी उत्तर चाळीस वर्षे आधी तयार होते. सेमिनरीत आम्ही पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची नावे मुखोद्गत केली. कोसबाडला मात्र आम्हांला कोणी नेले नाही आणि आम्हीही गेलो नाही.

आता आपल्या उसाकडे वळू.

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप साखरेने पालटले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना जुना. मतमाउलीच्या यात्रेमुळे हरेगाव आपल्या घराघरांत पोहोचलेले आहे. लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१चा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला तो सहकाराचा प्रयोग देशाने वाखाणला आणि ते योग्यच होते. याच काळात, १९४८ साली, कारखाने अधिनियम झाला होता. पन्नासहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, असे त्याच्या ४८व्या कलमात होते. १९७६ साली ही संख्या तिसावर आणली गेली. कायदा चांगला होता. पण साखर कारखान्याच्या दाराच्या आत काम करणाऱ्या स्त्रिया अशा किती? कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या स्त्रिया दाराबाहेर, फडात असतात. त्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. उचल घेतली जाते ती मुकादमाकडून, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मजुरीच्या हिशेबात बाई अर्धा कोयता आहे. कडेवरचे मूल हिशेबात येतच नाही.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडमधून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात गेले की तळावरच्या कोपीत राहते ती थोरली मुलगी, तिच्याजवळ तान्हे, चूल आणि पाण्याची घागर. सोबत नेले तर पाचटाच्या ढिगाच्या आडोशाला निजवायचे, तेथे साप-विंचवांचे भय. रस्त्याकडेला ठेवावे तर गाड्यांची वर्दळ. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, मुलांना आजीपाशी गावीच ठेवण्याची सोय काही ठिकाणी झाली. या प्रयत्नांचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या सोयी शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. दोन वर्षांच्या मुलाला वसतिगृहात घालता येत नाही, आणि ते मूल आईबरोबर गेले की त्याला सांभाळायला बहीणही जाते. शाळेच्या हजेरीत तिची गैरहजेरी लागते. ती कोणाच्या कामावर हजर होती, याची नोंद कोठेच नसते.

हा भार कोणी उचलावा याविषयी आपल्याच प्रांतात फार पूर्वी स्पष्टपणे बोलले गेले होते. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा वाटा शासनानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. देशातील तो पहिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात मातेच्या घरातील श्रमांना समाजाने नव्याने मान द्यावा असे सांगितले, तेही याच दिशेचे. महाराष्ट्राच्या दुष्काळी कामांतून जन्मलेल्या रोजगार हमीचा धागा पुढे नेणाऱ्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर एक तरतूद अशी होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. फारोच्या कन्येचा शब्दच जणू राजपत्रात छापला गेला! किती तळ्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर अशी बाई सावलीत मुले घेऊन बसलेली आढळली, हे वाचकांनी आपापल्या गावाकडे पाहून ठरवावे. मी फार पाहिल्या नाहीत.

पाळणाघर आणि मजुरी यांच्यापलीकडची एक गोष्ट जामखेडने दाखवून दिली. आपल्या जिल्ह्याने जगाला काही शिकवले असेल तर ते तेथे, असे माझे मत आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे आपले प्रॉटेस्टंट बंधुभगिनी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या परिसरात १९७१च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्ष पुरे होण्याआधीच दगावत. पाचांतले नाही तरी सहांतले एक. मृत्यूची कारणे गहन नव्हती : जुलाब, धनुर्वात, उपासमार, आणि त्यांना साथ देणारे गैरसमज. जुलाब झालेल्या बाळाचे पाणी तोडायचे. प्रसूत झालेल्या आईचे पहिले पिवळसर दूध फेकून द्यायचे.

आरोळे दांपत्याने या अज्ञानावर डॉक्टर पाठवले नाहीत. गावाने निवडलेल्या गावातल्याच स्त्रिया त्यांनी शिकवून तयार केल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, काही दलित, काही परित्यक्ता. त्या जामखेडला मुक्कामी येत, शिकत, गावी परतत आणि शेजारणींना शिकवत. त्यांच्या शिकण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. व्याख्यान थोडे आणि बोलणे फार. प्रत्येकीने आपल्या गावात काय पाहिले, कोणत्या घरी बाळ का गेले, ते इतरींना सांगायचे. ज्या बाईने स्वतःची लेकरे गमावली होती तिच्या बोलण्याला पदवीधराच्या बोलण्याहून अधिक वजन होते. सवर्ण आणि दलित स्त्रिया प्रारंभी एका पंगतीला बसायला कचरत. एकत्र राहता-राहता तो संकोच गळून पडला. दुष्काळाच्या वर्षांत गावांच्या सहभागातून पाच वर्षांखालील मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली गेली. मग महिला मंडळे आली. सून घराबाहेर पडण्यास सासूची आडकाठी असे. पण बाळाचे वजन करायला न्यायचे आहे म्हटल्यावर तिलाही नाही म्हणता येईना. वजनकाट्याभोवती जमलेल्या त्या बायका एकमेकींच्या मैत्रिणी झाल्या. लग्न होऊन परक्या गावी आलेल्या मुलीला नवऱ्याच्या नात्यांखेरीज स्वतःचे असे माणूस प्रथमच लाभले. १९९०च्या दशकात तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण तिसाच्या खाली आले होते. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही या कार्याची दखल घेतली. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. लसी आणि औषधांचा वाटा या यशात मोठा होताच. तरी एका आईने दुसरीला विश्वासाने सांगितलेली गोष्ट हे देखील औषध आहे, हे जामखेडला जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे गावोगाव अंगणवाडी पोहोचली. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु दोन गोष्टी खटकतात. अंगणवाडी दुपारी मिटते आणि आई संध्याकाळी परतते. मधले तास पुन्हा थोरल्या बहिणीचे. दुसरी गोष्ट शब्दाची आहे. सेविकेला आणि मदतनीस बाईला जे मिळते त्याला ‘मानधन’ म्हणतात. मान किती आणि धन किती, हे २०२३च्या डिसेंबरपासून पन्नासएक दिवस संपावर बसलेल्या महाराष्ट्रातील सेविकांनी सांगितलेच आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केले, म्हणजे योजनेला जवळजवळ अर्धे शतक होत आल्यावर.

नगर शहरातील स्नेहालयाचा उल्लेख थोडक्यात करतो. १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी देहविक्रयाच्या वस्तीतील स्त्रियांच्या मुलांसाठी हे काम उभारले. त्या मातांची कामाची वेळ रात्रीची, आणि मुलाला आईची सर्वांत अधिक गरज असते तीही रात्री. या साध्या विसंगतीकडे आमच्यासारख्या पापपुण्याचा विचार करणाऱ्यांचे लक्ष आधी जायला हवे होते.

आज माझ्याकडे स्नानसंस्काराच्या तयारीसाठी जी तरुण जोडपी येतात, त्यांची स्थिती निराळी आणि तरी तीच आहे. तो औद्योगिक वसाहतीत पाळीवर, ती परिचारिका किंवा शिक्षिका. सासू गावी शेती पाहते, आई दुसऱ्या भावाच्या मुलांना सांभाळते. पाळणाघराला पगाराचा मोठा हिस्सा जातो आणि मूल आजारी पडले की पाळणाघर त्याला घेत नाही, तेव्हा रजेचे पैसेही जातात. सुखवस्तू घरांत दोन वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या वर्गांना घालण्याची नवी चढाओढ सुरू आहे. तिच्याविषयी माझे मत फार अनुकूल नाही, पण त्या वर्गांच्या दारात ताटकळणाऱ्या आयांच्या ओळखी होतात हे मी ऐकले आहे आणि त्याचा मला आनंद आहे. मागच्या वर्षी तयारीचा वर्ग संपवून मी उठलो, तरी पाच-सहा आया तशाच बसून राहिल्या. कोणाचे बाळ रात्री झोपत नव्हते, कोणाला कामावर परतायचे होते आणि दूध कसे तोडावे ते कळत नव्हते, एकीला तर नवऱ्याच्या बदलीमुळे शहरात बोलायला कोणीच नव्हते. तासभर बोलणे चालले. त्यांच्यापैकी कोणीही मला काही विचारले नाही, आणि ते योग्यच होते. आता त्या महिन्यातून दोनदा भेटतात, आणि शेजारच्या दोन हिंदू व एक मुस्लिम भगिनीही येतात.

त्यांच्यापैकीच एकीने सुचवले की रविवारी धर्मशिक्षणाच्या वेळी ओसरीवर सतरंजी टाकून लहान मुलांना सांभाळावे, म्हणजे मोठ्या मुली वर्गात बसतील. दोन विधवा भगिनी या कामास तयार झाल्या. त्यांना काही द्यावे की नाही, यावर धर्मग्राम समितीत बराच वाद झाला. ही देवाची सेवा आहे, सेवेला पैसे कसले, असे आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मी निर्गमाचा दुसरा अध्याय काढून वाचून दाखवला. ठराव झाला. महिनाअखेरीस खजिनदार किर्दवही घेऊन आले आणि हा खर्च कोणत्या सदरात घालू, असे विचारू लागले. दानधर्माचे सदर त्यांनी उघडूनच ठेवले होते. धर्मशिक्षणाच्या सदरात घाला, असे मी सांगितले. त्यांनी तसे लिहिले, पण पुढे हिशेब तपासणाऱ्याला शंका नको म्हणून कंसात ‘मुले धरणे’ असेही लिहून ठेवले.